काचबिंदू आणि गडव्याचं चित्र

"ग्लॉकोमा आहे, म्हणजे काचबिंदू," भंडाऱ्याचे डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले. "डोळ्यातला दाब वाढून आतली नस सुकते. गेलेली नजर परत येणार नाही. उरलेली सांभाळू."

एकोणीसशे ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. मी चाळिशीची. चष्म्याचा नंबर बदलला असेल, एवढंच समजून जवळच्या शहापूरहून एसटीने गेले होते. सहा महिने दाराची चौकट खांद्याला लागत होती. ताटातली कडेची चटणी दिसत नव्हती. दुखत नव्हतं, म्हणून गप्प बसले. तुम्ही बसू नका.

पिलोकार्पिनचे थेंब दिले, दिवसातून चारदा. त्यांनी बाहुली आकसते, दाब उतरतो. पण सगळं अंधारं दिसायचं, भुवई ठणकायची. निवडलेल्या तांदळात खडे राहायचे आणि मी घरच्यांवर चिडायचे.

दाब उतरेना, तेव्हा नागपूरला ऑपरेशन झालं. डोळ्यातलं पाणी निघायला बारीक वाट करतात. मग महिनाभर वाकायचं नाही, चुलीच्या धुरात जायचं नाही. नुसतं बसायचं. त्या बसण्याचा मला वीट आला.

माझे यजमान शाळेत ड्रॉइंग मास्तर. कंदील, खलबत्ता, पाटा-वरवंटा, असल्याच वस्तूंची जलरंगात चित्रं काढायचे. माझा पाण्याने भरलेला गडवा, म्हणजे तांब्या, ओतून चित्रासाठी न्यायचे, म्हणून मी भांडायचे. वीस वर्षांत एक चित्र धड पाहिलं नव्हतं.

शेवटी कंटाळून त्यांचा गठ्ठा काढला. वर गडव्याचंच चित्र. तेही एका नजरेत मावेना. मान वळवून तुकड्यातुकड्यानं पाहावं लागलं. गडव्याच्या पोटावरचा पोचा ओळखला, माझ्याच हातून पडला होता. पोच्यात निळसर सावली होती. काठावर पांढरी चमक.

"हा पांढरा कोणता रंग?" मी विचारलं.

"रंग नाही. कोरा कागद हाय. उजेडाची जागा सोडा लागते."

"मंग मले आधी काहून नाही सांगितलं?"

"सांगाले आलो का तू म्हणे, पहिले गडवा ठेवा."

मला रडू आलं. दोन्ही डोळे चांगले होते, तेव्हा हे सगळं घरातच होतं.

दाब आता स्थिर आहे, असं डॉक्टर म्हणतात. त्यांचे उपकार आहेत. नजर गेल्याचा राग मात्र गेलेला नाही. रोज एक चित्र मांडीवर घेते, आधी डावी बाजू, मग मधली, मग उजवी. पाव तास लागतो. काल सुपाच्या चित्रात, कडेच्या विणीत अडकलेला धानाचा एक दाणा सापडला. यांना दाखवला. काढणाऱ्यालाच तो आठवत नव्हता.