परातीतली कामटी

किन्हवलीहून फोन आला तेव्हा मी मुरबाडच्या माझ्या शाळेत पाचवीची हजेरी घेत होते. "तुझे दादा गेले गं," वहिनी म्हणाली, आणि मला आधी रागच आला. दोनच दिवसांपूर्वी त्याच्याशी भांडून आले होते. छातीत दुखत असताना हा माणूस परात काखोटीला मारून उंबरमाळीच्या वाडीवर निघाला होता. डॉक्टरकडे जा म्हटलं तर म्हणाला, "उद्या जातो गो, आज पोरांना शब्द दिलाय..."

दादा हायस्कूलला भूगोल शिकवायचा. त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून माझ्या लग्नाआधी त्याची धड्यांची टाचणवही मी लिहून द्यायचे. नव्वदच्या दशकातलं एक वर्ष. परीक्षा तोंडावर आलेली, पोर्शन उरलेला. भूकंपाच्या धड्यातला शेवटचा परिच्छेद समुद्राच्या तळाशी होणाऱ्या भूकंपांचा आणि त्यांच्या लाटांचा होता. "वगळ तो," मी म्हणाले. "किन्हवलीला समुद्र कधी आलाय?" आम्ही दोघंही हसलो, आणि मी वहीत तसं लिहून टाकलं.

त्या वर्गात उंबरमाळीचा काळू होता. पुढे तो कंत्राटदाराबरोबर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर बांधकामाला गेला आणि २००४च्या डिसेंबरात ती लाट आली. दादा त्याच्या आईला भेटायला गेला, मीही सोबत होते. आमच्याकडे ओहोळाचं पाणी ओसरलं की माणसं टोपल्या घेऊन उतरतात, डबक्यात अडकलेले मासे हातानं धरतात. काळूनं तेच केलं होतं. पहिलं पाणी गुडघाभर आलं आणि मग पार मागे गेलं... "मासं तडफडत व्हतं, मास्तर. त्यो टोपली घेऊन धावला," आई म्हणाली. "संगतीचा सांगत व्हता, हसत व्हता म्हनं."

त्यानंतर दादा एका जागी बसलेला मी पाहिला नाही. जेवताना उठायचा, बोलता बोलता अंगणात फेऱ्या मारायचा. रविवार आला की परात, बांबूची कामटी आणि एक दगड घेऊन वाड्या-पाड्यांवर. परातीत पाणी ओतायचं, कामटीचं एक टोक दगडाखाली दाबायचं आणि दुसरं बोटानं खाली वाकवत न्यायचं. "समुद्राचा तळ असाच दुसऱ्या तळाखाली घुसतो रे. वरच्याची कड त्यात अडकते, तीपन खाली वडली जाते. शेकडो वर्सं वाकत राहते, वाकत राहते..." मग बोट निसटायचं. कामटी उसळायची, पाणी पोरांच्या अंगावर, सगळी खिदळायची. दादा हसायचा नाही. "समुद्राकाठी कामाला गेलात, जमीन हादरली नायतर पानी मागं गेला, तर काय करायचा?"

"मासं बघायचं नाय! उंचावर पलायचं!"

मी त्याला चिडवायचे, परातवाला बुवा म्हणायचे. खरं तर मला त्या परातीची धास्ती वाटायची. त्या परिच्छेदाबद्दल तो माझ्याशी एकदाही बोलला नाही. मीही विषय काढला नाही. तो विसरला असावा, अशी मी मनाची समजूत घालून घेतली होती.

तेराव्यानंतर वहिनीनं त्याच्या कपाटातली ती जुनी टाचणवही माझ्या हातात दिली. पान दुमडलेलं होतं. माझ्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं, 'वेळेअभावी वगळला.' त्याखाली वेगळ्या शाईत कोंबडीचे पाय, 'मी वगळला.'

मी तिथेच ओरडले, "खोटं आहे हे, दादा!" वहिनी घाबरून बघत राहिली.

आता मलाही घरात बसवेना. गेल्या रविवारी परात, कामटी, दगड घेऊन मी उंबरमाळीला गेले. काळूच्या आईला सगळं सांगितलं, माझं ते वाक्य, आमचं ते हसणंसुद्धा. ती जमिनीवर बोटानं रेघा ओढत राहिली. मग उठली, आत गेली आणि पाण्याचा हंडा घेऊन आली.

"परात मांड बाय," ती म्हणाली. "पोरां जमलीत."