निळी वेल

राखीव जंगलाच्या फाटकाशी एक रखवालदार होता, त्याला सगळे उपट्या म्हणत. जंगल फार जुनं. कुणाच्या पणजोबानेही तिथे कुऱ्हाड चालवलेली नव्हती. त्यात बागेतलं एखादं झाड शिरलं की मुळासकट उपटायचं, हे त्याचं काम. साहेब रोज संध्याकाळी विचारायचे, "आज काय उपटलंत?" बाकीचे मान खाली घालून हसायचे आणि हा सरळ मनाने हिशेब द्यायचा. तो विनोद कळायला जेवढा वाह्यातपणा लागतो, तेवढा त्याच्याकडे नव्हता.

जीव मात्र त्याचा थोरल्या झाडांखालच्या पांढऱ्या रानफुलांत. पालवी फुटून सावली दाट व्हायच्या आत ती उमलतात, आणि वर्षभरात बोटभरही पुढे सरकत नाहीत. एकदा गेली की आपल्या हयातीत परत दिसायची नाहीत.

त्या वर्षी फुलांवर निळी वेल चढलेली दिसली. तिचा माग काढत तो मागे मागे आला, तर मूळ सापडलं ते त्याच्याच क्वार्टरच्या मोरीमागे. लग्न होऊन येताना बायकोने ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेली ती वेल. तेव्हा त्याची आई म्हणाली होती, घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. पुढे बायकोचे आईवडील गेले, भावांनी घर विकलं, नव्या मालकाने अंगणात फरशी घातली. माहेर म्हणून उरली ती एवढी वेल. कुंपणच शेत खाऊ लागलं होतं.

रखवालदार मूग गिळून बसला. जंगलाच्या टोकाला वेल उपटायचा आणि घराच्या टोकाला तिला पाणी घालायचा. मला विचाराल तर हा निव्वळ भेकडपणा, पण त्याला प्रेम म्हणायची नवऱ्यांना सवय असते.

शेवटी बायकोनेच विचारलं, जेवण का जात नाही. तो तिला जंगलात घेऊन गेला. इतक्या वर्षांत ती फाटकापलीकडे कधी गेलीच नव्हती. तिने आपली वेल ओळखली. वेलीखाली दबून पिवळी पडलेली फुलंही पाहिली. मग बाह्या सरसावल्या आणि खाली बसून उपटायला लागली.

"एक फांदी कुंडीत ठेव," तो म्हणाला.

"कुंडीतूनच जंगलात उडी मारते म्हणून लोकांशी भांडता ना तुम्ही?"

घरी आल्यावर मोरीमागचं मूळही तिनेच खणून काढलं. तिला रडू येत होतं आणि ती ते लपवत नव्हती. जन्मभर उपटत आलेला माणूस नुसता पोतं धरून उभा होता.

"तुझं माहेरच उपटलं मी," तो कसाबसा म्हणाला.

"मलाही तिथून उपटूनच आणलं होतं. रुजले ना?" तिने हातातली मुळं पोत्यात टाकली. "पोतं नीट धरा. सांडलं तर परत उगवेल."