काटा नसलेला रुपया

शालन गेल्याचा निरोप आला तेव्हा मी सांगलीच्या घरी गच्चीवर पापड वाळत घालत होते. आमच्याकडे अजून फोन नाही. शेजारच्या काकूंनी भिंतीपलीकडून हाक मारली, "तासगावचा फोन आहे, लवकर या." फोनवर शालनचे यजमान, मारुतीराव होते. फौजेतून निवृत्त झालेला हा माणूस मुळात बोलतोच मोजकं. "कुसुमताई, शालन गेली. पहाटं, झोपंतच," एवढंच म्हणाले. मी "येते" म्हणून फोन ठेवला. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला रडू आलं नाही. मला तिचं हसणं ऐकू आलं... मैदानाच्या एका टोकाला सुरू झालं की दुसऱ्या टोकाला पोचणारं.

या गोष्टीला आता महिना होऊन गेला. तासगावच्या मुलींच्या शाळेत आम्ही दोघी एकाच वर्षी लागलो. मी गणिताला, ती खेळाला. तिचे वडील कोयनानगरला वीजघरात कामाला होते आणि तिचं लहानपण तिथल्या वसाहतीत गेलं. भूकंपाचे धक्के बसले की घराबाहेर पळायचं आणि बाहेर आलोच आहोत तर कबड्डी मांडायची, असं ती सांगायची. त्यात किती खरं आणि किती तिखटमीठ, ते तिलाच ठाऊक. घरी बाबासाहेबांची तसबीर, अंगणात मुलांची कबड्डी आणि त्या मुलांत ही एकटी मुलगी. पुढे ती खेळली, शिकली, शिक्षिका झाली आणि पंचही झाली. कबड्डीच्या सामन्यात शिट्टी घेऊन उभी राहिलेली बाई तेव्हा आमच्या भागात फारशी कुणी पाहिली नव्हती. तिला मात्र त्या शिट्टीचा अभिमान पगारापेक्षा मोठा होता.

आणि त्या शिट्टीवरच एकदा बालंट आलं. आमच्याच मैदानावर तालुक्या-तालुक्यांतल्या शाळांचे सामने होते. सकाळी शालनने नाणेफेकीसाठी पर्समधून हाताला आला तो रुपया घेतला. बहुधा एसटीत सुटे म्हणून मिळालेला. जतकडच्या एका शाळेच्या कर्णधार मुलीने पहिल्या सामन्यात काटा मागितला, छापा पडला. दुपारच्या सामन्यात तिने पुन्हा काटा मागितला, पुन्हा छापा. उपांत्य फेरीत तिसऱ्यांदाही तसंच झालं, तेव्हा त्या मुलीने वाकून धुळीतून नाणं उचललं, उलटंपालटं करून पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाली, "बाई, ह्याला काटाच न्हाई."

खरंच नव्हता. एका बाजूला नेहमीसारखे उठावदार सिंह, आणि दुसऱ्या बाजूला तेच सिंह, पण आरशात पाहिल्यासारखे उलटे आणि आत खोल गेलेले. मैदानावर हशा पिकला. सगळ्यात मोठ्याने शालनच हसली. दुसरं नाणं आणून तिने पुन्हा नाणेफेक केली, सामना झाला आणि जतचा संघ आमच्या शाळेकडून थोडक्यात हरला. त्यांच्याबरोबर आलेले हणमंतसर मात्र हसले नव्हते. बाईंनी आपल्या शाळेसाठी सोनाराकडून नाणं बनवून घेतलंय, असं ते जाताना चारचौघांत बोलून गेले. बोलणं पसरलं. पुढच्या मोसमात शालनला पंच म्हणून बोलावणं आलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. तोंडावर कुणी काही म्हणत नव्हतं, पण पाठीमागे "दोन छाप्यांच्या बाई" हे नाव पडलं. ती वर्गात, घरी, बाजारात पूर्वीसारखीच हसायची. फक्त शिट्टी गळ्यात घालायची तिने बंद केली. मुलींना टाळ्या वाजवून बोलवायची.

मग माझी दाढ दुखायला लागली, आणि गोष्ट पुढे सरकली. सांगलीत दातांचे एक डॉक्टर होते, त्यांना जुनी नाणी जमवायचा नाद. शालन मला सोबत म्हणून आली होती. माझं तोंड उघडं ठेवून डॉक्टर तिच्याशी नाण्यांबद्दल बोलत बसले आणि तिने पर्समधून तो रुपया काढून त्यांच्या पुढ्यात ठेवला. डॉक्टरांनी माझ्या दाढेवरचा दिवा वळवून नाण्यावर धरला. कितीतरी वेळ ते नाणं फिरवून फिरवून बघत राहिले. शेवटी म्हणाले, "बाई, हे कुणी बनवलेलं नाही. टांकसाळीतली चूक आहे. आधीचं नाणं साच्याला चिकटून राहिलं आणि पुढचं त्याच्यावरच छापलं गेलं. माझ्या आयुष्यात मी असं दुसरं हातात धरलेलं नाही." मी आ वासून ऐकत होते. दुसरा इलाजच नव्हता.

डॉक्टरांनीच सुचवलं. अमेरिकेत अशी नाणी तपासून देणारे लोक असतात. ते खरं-खोटं ठरवतात, नाणं कितपत चांगलं राहिलंय त्याचा दर्जा लावतात आणि प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करून देतात. डॉक्टरांची बहीण तिकडे होती, ती सुटीला आली की घेऊन जाईल. शालनने विचारलं, "आन खोटं निघालं तर?" डॉक्टर म्हणाले, "तर तसं लेखी येईल." तिने रुपया उचलून पर्समध्ये ठेवला. परतीच्या एसटीत द्राक्षबागा मागे जात होत्या, आणि ती खिडकीबाहेर बघत मला म्हणाली, "कुसुम, आत्ता लोक नुस्तं बोलत्यात. उद्या कागदच आला तर मी काय करू?"

पुढचे कितीतरी दिवस आमच्या बोलण्यात दुसरा विषय नव्हता. मी पाठव म्हणायचे. दिव्याखाली धरून डॉक्टरांनी सांगितलंय, मग घाबरायचं कशाला? मारुतीरावांचं मत उलटं. "आपल्याला ठावं हाय न्हवं? मग परक्या मुलखातल्या माणसाला कशापायी इचारायचं?" त्यात वाटेत हरवण्याची भीती. आणि शालनला आणखी एकच गोष्ट बोचत होती, ती म्हणजे ते नाणं डबीत गेलं की हातात घेता येणार नाही. तिला सवयच लागली होती, बोलता बोलता अंगठा त्या खोलगट सिंहांवरून फिरवायची. मला वाटायचं, ज्या नाण्याने तिचा मान घालवला त्याचा तिला राग यायला हवा. तिला त्याचा लळा लागला होता.

डॉक्टरांची बहीण परत जायला निघणार, त्याच्या आदल्या दिवशीही निर्णय झालेला नव्हता. शालनच्या ओट्यावर आम्ही तिघं चहा पीत होतो. मारुतीराव वैतागून म्हणाले, "आता एक काय ते ठरव." तर ही उठली, तोच रुपया अंगठ्यावर ठेवला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "नाणेफेक करू. छापा पडला तर धाडायचं. काटा पडला तर न्हाई." आणि उडवला. मारुतीराव नाण्याकडे बघायला चक्क पुढे वाकले... मग त्यांच्या लक्षात आलं. त्या माणसाला मी पहिल्यांदा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसताना पाहिलं. "म्हंजी तुझं ठरलंच हुतं की," ते म्हणाले. ती म्हणाली, "व्हय. पर हिंमत हुत न्हवती."

उत्तर यायला बरेच महिने लागले. नाणं परत आल्यावर डॉक्टरांनी आम्हाला बोलावून घेतलं. ते हसावं की रडावं अशा चेहऱ्याने बसले होते. नाणं अस्सल होतं. टांकसाळीतली चूक, असं डबीवरच्या चिठ्ठीवर स्पष्ट छापलं होतं. मात्र दर्जाचा आकडा लावलेला नव्हता, कारण नाणं घासून साफ केलेलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, "बाई, तुम्ही काय केलंत?" शालन म्हणाली, "चिंच लावून घासलं. परदेशात जायचं, तर जरा चकचकीत नको व्हय?" डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. ती मात्र खुर्चीत मागे रेलून खदखदून हसत होती. "अस्सल हाय, पर घासलेलं हाय," ती म्हणाली. "अगं, हे तर माझंच वर्णन."

त्याच आठवड्यात ती जतला गेली, मला बरोबर घेऊन. वाटेत रस्त्यावर मेंढरं आली आणि गाडी थांबली, तरी तिची कुरकुर नाही. हणमंतसर शाळेच्या आवारात पाण्याचा टँकर रिकामा करून घेत होते. शालनने डबी त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून चिठ्ठी वाचली, नाणं दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि टँकरवाल्याला नळ बंद करायला सांगितलं. मग म्हणाले, "बाई, चारचौघांत बोललो हुतो. चारचौघांतच माफी मागतो." आणि त्यांनी सगळ्या शिक्षकांना बोलावून तिथेच, टँकरपाशी, ती मागितली. शालनने डबी पर्समध्ये टाकली. म्हणाली, "सर, च्या तरी पाजा." त्या हिवाळ्यात त्यांच्या शाळेच्या मैदानावर सामने होते. पंच म्हणून तिला बोलवायला हणमंतसर स्वतः तासगावला आले.

आता वाचकांना वाटेल, ती डबी तिने जपून ठेवली असेल. मलाही तसंच वाटलं होतं. पण शाळेतल्या मुली पाठीस लागल्या, बाई, हातात द्या की, नुस्तं प्लास्टिकच हाताला लागतंय. एक दिवस सरावानंतर तिने त्यांना घरी नेलं, डबी पाट्यावर ठेवली आणि वरवंट्याने फोडली. मी तिथेच होते, ओरडलेसुद्धा. "अगं, पुरावा होता तो." ती प्लास्टिकचे तुकडे वेचत म्हणाली, "ज्याला दावायचा त्याला दावला. आता पोरींना बघू दे." डॉक्टरांना कळल्यावर ते दोन दिवस तिच्यावर रागावले आणि तिसऱ्या दिवशी आपल्या भाचीला घेऊन नाणं दाखवायला आले.

गेल्या आठवड्यात शाळेच्या मैदानावर तिची शोकसभा झाली. बुद्धवंदना झाली, चार माणसं बोलली. मी बोलायला उभी राहिले आणि वरवंट्याचं सांगितलं, तर मुली हसल्या आणि मग आपण हसलो म्हणून गडबडल्या. मारुतीरावांनी खुणेनेच त्यांना "हसा, हसा" असं सांगितलं. बोलणं त्यांना जमणार नव्हतं. त्यांनी खिशातून रुपया काढला आणि पहिल्या रांगेतल्या मुलीच्या हातावर ठेवला. तो एकीकडून दुसरीकडे जात राहिला. प्रत्येक मुलगी तो उलटा करायची, खोलगट बाजूवरून अंगठा फिरवायची आणि पुढे द्यायची. कुणी घाई केली नाही. सगळ्या रांगा फिरून नाणं परत आलं, तेव्हा मारुतीरावांनी ते मुठीत धरलं आणि मग मूठ माझ्यापुढे उघडली. "धरून बघा, कुसुमताई," ते म्हणाले. मी हातात घेतलं. चांगलं गरम झालं होतं.