विहिरीवरची आत्या

ज्याच्या घरात आजवर सही नि खुशालीच्या पत्रापलीकडे कुणी काही लिहिलं नाही, त्यानं लोकांनी वाचावं म्हणून लिहायला बसणं हा आगाऊपणाच. वाचकांनी तो पोटात घालावा. पण आमच्या आत्याबद्दल कुणीतरी लिहायला हवं, आणि घरात कॉलेजची पायरी चढलेला मी एकटाच. जिवंतांपेक्षा मेलेल्यांशी जास्त घरोबा असलेली बाई सातारा जिल्ह्यात तिच्याखेरीज दुसरी नसेल, असं माझं प्रामाणिक मत आहे.

वाईच्या अलीकडे आमचं गाव. गावाबाहेर पायऱ्यांची जुनी विहीर आहे. बहात्तरच्या दुष्काळात सगळ्या आटल्या, हीच तेवढी आटली नाही. तिच्यात वेगवेगळ्या काळी तीन सासुरवाशिणींनी जीव दिला, त्यातली एक गावातच दिलेली आत्याची थोरली बहीण. भर बाराच्या उन्हात तिकडं कुत्रं फिरकत नसे. नेमकी तेव्हाच आत्या कासोटा खोचून, गावातल्या वयात येणाऱ्या मुलींची रांग घेऊन त्यांना पोहायला शिकवायला निघे. मुलीच्या पाठीला वाळका भोपळा, कमरेला दोर, दोराचं टोक आत्याच्या मुठीत. आधी ती पाण्यात भाकरीचा तुकडा टाकी आणि शेजारणींशी बोलावं तसं बोले, "अक्का, सरकून बसा गं तिघी. नवी पोरगी आलीया. पाय वडू नगासा, लय भित्री हाय." मग रॉकेल महागलं, कुणाची म्हैस व्याली, असल्या बातम्याही पुरवी. एकदा मी वरून पाहत होतो. वारा अजिबात नव्हता, तरी तो तुकडा सरकत मधोमध गेला आणि कुणी खालून घेतल्यासारखा गडप झाला. "मासा असंल, लेका," आत्या म्हणाली. त्या विहिरीत मासा कुणी कधी पाहिला नव्हता. मला अजून पोहता येत नाही.

मुलींच्या आया कुरकुरत. एकीनं वाटच अडवली, "आवं आत्या, उन्हानं पोरगी काळी पडंल की!" आत्या म्हणाली, "काळी पडली तर पावडर लाव. बुडली तर काय लावशील?"

माझी धाकटी बहीण सुमी सगळ्यांत भित्री. तिनं एकदा विचारलं, "आत्या, बायामाणसानं पवून करायचं काय?" आत्या पाण्याकडे बघत राहिली. "गप बस, खाली बघून चाल, हे सांगाया गाव हाय. मी येकच सांगती, पाय हालीव. पवता येनाऱ्या बाईला बुडता येत न्हाई. मनानं किती बी ठरवू दे, हात ऐकत न्हाईत." आम्ही हसलो. आत्या हसली नाही.

सुमीला विट्याकडे दिली. नवरा दूरच्या शहरात सोनं गाळायच्या दुकानात, ही सासूजवळ. दिवाळीनंतर तिची पत्रं थांबली. माझं कॉलेज सांगलीला. तिथून एसटीनं तिच्याकडे जाऊन येणं एका दिवसाचं काम. पण परीक्षा झाली की जाऊ म्हणत मी गेलो नाही.

उन्हाळ्याच्या सुटीत घरी होतो, तेव्हा एका दुपारी आत्याला जेवायला बोलवायला विहिरीवर गेलो. त्या दिवशी मुली नव्हत्या. आत्या शेवटच्या पायरीवर एकटीच, दोर पाण्यात सोडलेला. दोराला कुणी बांधलेलं नव्हतं आणि तो ताणलेला होता. आत्या ओरडत होती, "सुमे, पाय! पाय हालीव! अक्का, सोड तिला! आपली हाय ती!" मग दोर एकदम सैल पडला. तिनं तो शांतपणे गुंडाळला. "चल, भूक लागली."

"कुणाशी बोलत होतीस?" मी विचारलं.

"तुला पवता येत न्हाई, तुला काय सांगू?"

दुसऱ्या दिवशी सुटी संपली आणि मी सांगलीला परतलो. आठवड्यानं वसतिगृहात सुमीचं पत्र आलं, आमच्या गावाहून.

"दादा, मी घरी आलेय, आता परत जायची नाही. गेल्या आठवड्यात भर दुपारी सासरच्या मळ्यातल्या विहिरीत घसरून पडले असं सगळ्यांना सांगितलंय. तुला खरं सांगते, घसरले नव्हते. पण हात ऐकेनात. आत्यानं काहीच विचारलं नाही. माझ्या हातातली पिशवी घेतली आणि दोर दिला. म्हणाली, मला आता वडवत न्हाई, उद्यापास्नं तू. उद्या बाराला नवी पोरगी यायचीय, लय भित्री आहे म्हणे. भाकरीचा तुकडा मी आत्ताच पदराला बांधून ठेवलाय."