विमान सिंदीला थांबलं

हातातला चहा आधी संपवून घ्या बरं. मागच्या वेळी हे सांगत होते तेव्हा माझ्या आतेभावाच्या नाकातून चहा आला आणि बोलणी बसली मला! संपला? तर ऐका. मी, म्हणजे तुमच्या या स्नेहलने, भर दुपारी ढगांतून जाणारं विमान सिंदी रेल्वे या आमच्या गावाला थांबवलं होतं.

हसू नका, अजून सुरुवातही नाही झाली.

माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. कुकरची शिट्टी झाली की मी दचकते, आणि कुकर मीच लावलेला असतो! त्यात कॉलेजची सगळी वर्षं सिंदी ते वर्धा रेल्वेने अपडाउन. सिंदीला गाडी टेकली न टेकली तोच सुटते. त्यामुळे आधीचं सेलू रोड स्टेशन गेलं की बॅग माझ्या खांद्यावर आणि मी दारात. एवढ्या वर्षांत एकदाही मी शांतपणे बसून सिंदीची वाट पाहिलेली नाही.

शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट होता विमानाचा. अख्ख्या विमानाचा नाही हो, आतल्या केबिनचा. सध्या एका नव्या तऱ्हेच्या प्रवासी विमानाची कल्पना मांडतात ना, ज्याला खिडक्याच नाहीत? खिडकीचं भोक पाडलं की त्याभोवतीचा पत्रा मजबूत करावा लागतो, वजन वाढतं. म्हणून भोकंच नकोत. आतल्या भिंतीवर लांबलचक स्क्रीन, आणि बाहेरचा कॅमेरा दाखवेल ते आभाळ त्यावर. तशी केबिन बनवून, तिच्यात माणसं बसवून, त्यांना कसं वाटतं ते परीक्षकांना दाखवायचं.

जोडीदार होता देवळीचा पंकज. आम्हा दोघांपैकी विमानात कोण बसलं होतं? कोणीच नाही! तरी केली तयार. प्लायवूडची गोल पाठीची केबिन, भंगारातून आणलेल्या ट्रॅव्हल्सच्या खुर्च्या, भिंतीला ओळीने टीव्ही. विमानाची घरघर हवी म्हणून पंकजने खाली जुन्या कूलरची मोटर बसवली. दार मात्र नुसतं रंगवलेलं, चार खिळ्यांवर उभं. आत जायची खरी वाट मागच्या उघड्या बाजूने.

आणि हे सगळं जमणं फार गरजेचं होतं. नागपूरच्या एका कंपनीत माझी नोकरी ठरली होती, पण अट होती की प्रोजेक्ट पास व्हायला हवा. घरी आईने पेढे सांगूनही ठेवले होते. नापास झाले असते तर ते पेढे कोणत्या तोंडाने खाणार होते मी?

स्क्रीनवर लावायला ढगांचा व्हिडिओ मिळाला. पण पळतं दृश्य नीट दिसतं का, ते तपासायला मी आमच्या गाडीच्या खिडकीतून सिंदी येतानाचं शूटिंग केलं होतं. पंकजने दोन्ही एकामागे एक लावून ठेवले. परीक्षेच्या सकाळी तो म्हणाला, "ते गाडीचं काढून टाकू काय?"

मी किंचाळलेच. "हात लावू नको! आता काही काढलं तर सगळंच बंद पडेल!"

"अवं, ढग सरले की सिंदी सुरू होईल ना."

"ढग भरपूर आहेत. तेवढा वेळ कोण बसतंय?"

बघा. लक्षात ठेवा, हे मी म्हटलं होतं. पंकज नाही.

प्रवासी म्हणून कधीच विमानात न बसलेली माणसं हवी होती. आमच्या आंजीच्या मावशीला फोन केला. ती बचत गटाच्या सगळ्या बाया घेऊन काळी-पिवळी जीपने हजर! नव्या साड्या, हातात डबे, आणि उतरल्या उतरल्या मावशीचा प्रश्न, "पोरी, तू पास व्हाले पाह्यजे. आमी काय बोलाचं ते सांग."

"खरं वाटेल ते बोला, मावशी."

"बरं बरं," असं म्हणून तिने बायांकडे पाहून डोळा मारला. तो डोळा मला तेव्हा कळायला हवा होता.

परीक्षक मॅडम बाहेरगावच्या, शांत आणि गंभीर. त्या खिडकीशी, म्हणजे स्क्रीनशी बसल्या. त्यांच्या पलीकडेच दार, आणि अलीकडची एक खुर्ची रिकामी होती म्हणून मी तिच्यात बसले. प्रवाशांचे चेहरे टिपायला समोर मोबाईल लावलेला. मोटर सुरू, ढग सुरू.

"कसं वाटतंय तुम्हाला?" मॅडमनी मावशीला विचारलं.

"चांगलं हाये."

"डोळ्यांना काही त्रास?"

"चांगलं हाये!"

"आणि तुम्हाला?"

"लय चांगलं हाये!" सगळ्या बाया एका सुरात, जशी प्रार्थनाच.

मॅडमनी पेनला टोपण लावलं. "सगळं चांगलंच असेल तर तुम्ही यातून शिकलात काय?" त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "मी अजून थोडा वेळ बसते. पाहू काही हाती लागतं का." पंकज घाबरून त्यांच्यासाठी चहा आणायला पळाला.

आता काळजीने दोन रात्री मी झोपले नव्हते. खालून कूलरची गोड घरघर. समोर पांढरे पांढरे ढग. मला कधी डुलकी लागली, कळलंच नाही.

डोळे उघडले तेव्हाही खिडकीत पांढरंच होतं. पण ते ढग नव्हते. जिनिंगच्या आवारातले कापसाचे ढीग होते. मागे पाण्याची टाकी. मग फाटक. मग फलाट!

सांगा बरं, अशा वेळी माणसाचं डोकं काय करतं? माझ्या डोक्याने काहीच केलं नाही. पायांनी केलं. मी ताडकन उठले, बॅग खांद्यावर टाकली आणि ओरडले, "सिंदी आली! उतरा, उतरा, गाडी थांबत नाही!"

मॅडमच्या गुडघ्यांना म्हणाले, "जरा सरकता का?" त्या सरकल्या! मागून मावशी ओरडली, "चला वं बाया, पोरगी उतरून राह्यली!" डबे खडखडले, चपला शोधल्या गेल्या. मी सवयीप्रमाणे दारावर खांदा टाकला.

दार उघडलं नाही. दार गेलं. माझ्यासकट.

आणि बाहेर कोण उभं होतं? आमचे विभागप्रमुख सर, मॅडमसाठी पुष्पगुच्छ घेऊन! दाराखालून त्यांचा आवाज आला, "काय झालं?"

"सर, सिंदी," मी दारावरूनच उत्तर दिलं.

माझ्यामागे बायांची रांग भोकातून एकेक करून बाहेर. मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काऊन वं, आपल्याले तं आंजीले जायचं हाये. सिंदीले काऊन उतरवलं?"

तेवढ्यात पंकज चहा घेऊन आला. त्याने दार पाहिलं, सर पाहिले, मला पाहिलं. "ढग सरले वाटते," म्हणाला.

मी सरांना हात दिला, माफी मागितली आणि तिथेच रडायला लागले. नोकरी गेली, पेढे गेले! आणि मग एक आवाज आला. मॅडम हसत होत्या. पर्स काखेत धरून, उभ्याने, डोळे पुसत. "अहो, मीही उठले होते," त्या म्हणाल्या. "मला कुठे जायचं होतं सिंदीला?"

मॅडम हसल्या म्हणून बाया हसल्या. बाया हसल्या आणि त्यांची तोंडं उघडली.

"मॅडम, खरं सांगू काय?" मावशी म्हणाली. "एवढं मोठं आभाय डोयापुढं नाचून राह्यलं होतं, माहं तं डोकंच गरगरलं."

"मग मघाशी चांगलं का म्हणालात?"

"पोरीले पास कराचं होतं ना!"

मॅडमनी पेनचं टोपण काढलं. त्या पडलेल्या दारावरच बसल्या. दुसरी बाई म्हणाली, "मले झोप येऊन राह्यली होती, पण उजेड तोंडावर. शेजारणीचं आभाय चालू राहो, माहं बंद कराले पडदा नोको काय?" तिसरीला समोरच्या पिशवीत डबा मावत नव्हता. चौथी म्हणाली की स्क्रीन बंद पडली तर कोंबड्यांच्या खुराड्यात बसल्यासारखं होईल. मॅडम लिहीत होत्या, पंकज लिहीत होता, सर कपाळ चोळत लिहीत होते. मी ऐकत होते आणि पुन्हा रडत होते, पण आता वेगळ्या कारणाने. माझ्यासाठी या बाया गरगरतं डोकं धरून गप्प बसल्या होत्या हो!

"पडदा प्रत्येकाला वेगळा. हे लिहून रिपोर्ट पुन्हा द्या," मॅडम उठताना म्हणाल्या. "पास आहात दोघंही. खिडकीवर विश्वास बसला की माणूस दार शोधतो, ते तर तुम्ही दाखवलंच."

मी मावशीच्या पायाच पडले. ती म्हणाली, "आता पुढच्या बारीले खरं इमान आणजो. अन् उतराच्या आधी सांगजो, डबा तरी बंद करू."

नोकरी मिळाली. पेढे आंजीला आधी गेले, घरी मग. मॅडमचे, सरांचे, मावशीचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. कंपनीचेही नाही. त्यांनी रुजू करून घेण्याआधी प्रोजेक्टचं रेकॉर्डिंग मागवलं होतं आणि साहेबांनी ते शेवटपर्यंत पाहिलं होतं, तरी घेतलं मला!

फक्त पहिल्या दिवशी त्यांनी माझी जागा स्वतः येऊन दाखवली. दारापासून सगळ्यात लांबची, अगदी कोपऱ्यात. आणि तिथल्या भिंतीला खिडकी नाही.