एकच जागा

पालघरच्या कॉलेजात रसायनशास्त्राची एकच कायम जागा निघाली आणि आम्ही नवराबायको दोघांनीही अर्ज केला. दोघंही कित्येक वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होतो.

मुलाखतीत अध्यक्षांनी मला विचारलं, "बाई, तुमचे यजमानही बाहेर बसलेत. कोणाला घ्यावं?"

"मला," मी म्हणाले. क्षणाचाही विचार न करता.

नंतर तो आत जाऊन आला. बोईसरच्या बसमध्ये म्हणाला, "मलाही तेच विचारलं. मीही 'मला' म्हणालो."

घर येईपर्यंत आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

जागा मला मिळाली. तो तारापूरच्या कारखान्यात नमुने तपासायला लागला. माझ्या पहिल्या दिवशी स्टेशनवर सोडताना "नीट शिकव," एवढंच म्हणाला.