आमच्या हॉलमधली फायरप्लेस आणि माझा चाळीस वर्षांचा विनोद

गेल्या गुरुवारी आमच्या आकुर्डीच्या घरातली फायरप्लेस फोडायची होती. हो, फायरप्लेस… आकुर्डीत! इथे थंडी म्हणजे वर्षातून पंधरा दिवस स्वेटर, तोही बहुतेक दाखवायला.

ती बांधली आमच्या ह्यांनी. हे फाउंड्रीत, भट्टीखात्यात होते. कंपनीने एकदा सहा महिने परदेशी ट्रेनिंगला पाठवलं, तिथल्या घरमालकिणीची फायरप्लेस ह्यांच्या मनात भरली, आणि परत आल्यावर सुट्टीचे सगळे गुरुवार त्यातच गेले. विटा कंपनीच्या भंगारातल्या, रीतसर पावती करून आणलेल्या.

डिसेंबरात पहिल्यांदा पेटवली तेव्हा माझ्या माहेरची माणसं जेवायला होती. दोन मिनिटांत हॉल धुराने भरला… मामा खोकत अंगणात, आत्या नाकाला पदर लावून फाटकापाशी. ह्यांनी तांब्याभर पाणी ओतून आग विझवली, एक शब्द बोलले नाहीत, आणि पुन्हा कधी ती पेटवली नाही.

मी मात्र बोलले. शाळेच्या स्टाफरूममध्ये, भिशीत, लग्नाच्या पंगतीत… 'भट्टीखात्याचे साहेब, घरची चूल पेटेना!' इथे ग्रुपवरही दोनदा लिहून झालंय, तुम्ही सगळे पोट धरून हसलात.

तर आता सुनेला, केतकीला, हॉल नवा करायचा होता. तिने आणलेली इंटिरियरवाली मुलगी चपला न काढता आत आली आणि म्हणाली, "हे फार आउटडेटेड आहे आंटी, इथे टीव्ही युनिट करू." माझं डोकंच फिरलं. नवऱ्याला नावं ठेवायचा हक्क माझा, हिला कुणी दिला? पण न पेटणारी फायरप्लेस घरात ठेवायची तरी कशाला? ह्यांना विचारलं, तर "तुम्हाला योग्य वाटेल ते करा" म्हणाले आणि पेपर उघडला.

मोशीचे काळोखे मिस्त्री आले. साठीचे, आता फरशीची कामं करतात. त्यांनी पुढच्या तपकिरी फुलाफुलांच्या टाइल्स काढल्या (त्या माझ्या पसंतीच्या, कबूल). मग हातोडा खाली ठेवून चक्क मांडी घालून बसले.

"बाई, ह्ये कुणी बांधलंय?"

"आमच्या ह्यांनी. चालत नाही ती."

त्यांनी खिशातून बसचं तिकीट काढलं आणि दोन विटांच्या मध्ये घालायला गेले. जाईना. दुसऱ्या सांध्यात, तिसऱ्या सांध्यात… कुठेच जाईना.

"आमी चाकणला भट्ट्यांना आतनं विटांचं लायनिंग करायचो, तवा सायब असाच कागद घालून बघायचा. कागद गेला की पाडा, परत लावा! अन् ही मधली वीट बगा. हातानं घासून बसवलीय. समदी कमान हिच्यावर उभी हाय."

मी वाकून पाहिलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. एकेक वीट पाचरीसारखी घासलेली, शेजारणीला अशी टेकलेली की सांधा बोटाला कळेना… इतके गुरुवार हे काय करत होते ते मला त्या क्षणी दिसलं.

"म्या न्हाई फोडणार," मिस्त्री उठत म्हणाले. "दुसरा मानूस बगा."

"अहो, पण धूर आत येतो!"

त्यांनी मोबाइलचा टॉर्च चिमणीत वर मारला, म्हणाले, "वर चला." गच्चीवर गेलो. चिमणीच्या तोंडावर काळ्या कडप्प्याचा तुकडा सिमेंटने पक्का बसवलेला, त्यावर वाळकं शेवाळ. एक कोपरा गोल घासलेला.

तो कोपरा मी ओळखला. माझ्या जुन्या ओट्याचा, तो मोडल्यावर उरलेला तुकडा… कंबरेला लागतो म्हणून मीच घासून घेतलेला. फायरप्लेस झाली त्याच वर्षी जूनमध्ये चिमणीतून पाणी येऊन हॉलमधली आमच्या बाळाची गादी भिजली. हे सेकंड शिफ्टला. मी वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावून "ते भोक" बंद करून घेतलं… आणि साफ विसरले.

मिस्त्री छिन्नी घेऊन कामाला लागले.

मी तडक खाली ह्यांच्यापुढे येऊन उभी राहिले. "तुम्हाला माहीत होतं?"

"दुसऱ्या दिवशी वर जाऊन बघितलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तोवर तू तीन घरी सांगून आली होतीस." पेपर तसाच डोळ्यांसमोर. "छान सांगायचीस."

"आणि दगड का नाही काढलात?"

"काढला असता तर कुणी ठेवला ते निघालं असतं. खोकत बाहेर पळाली ती तुझ्या माहेरचीच माणसं होती ना, तुलाच हसली असती."

आधी मला भयंकर राग आला. माणसाने इतकं गप्प बसावं? हा काय चांगुलपणा झाला, हा तर छळ! मग स्वयंपाकघरात जाऊन मी चहाचं आधण ठेवलं. पंगतीत माझ्या शेजारी बसून, माझ्या तोंडून स्वतःची फजिती ऐकत, हा माणूस मठ्ठा वाढून घेत होता… इतकी वर्षं!

टाइल्स गेल्या, विटा उघड्याच ठेवल्यात. कडप्प्याचा तो तुकडा घासूनपुसून कमानीच्या पुढे जमिनीत बसवलाय, माझ्या हट्टाने. इंटिरियरवाली आता फोटो मागतेय. चपला काढून ये म्हणावं.

रविवारी सकाळी ह्यांनी पेटवली. धूर कसा, देवळातल्या उदबत्तीसारखा सरळ वर गेला… हे जाळाकडे बघत होते आणि मी ह्यांच्याकडे.

मी शिकले त्या कॉन्व्हेंटमध्ये चूक केली की सिस्टर सगळ्या वर्गासमोर उभं राहून सांगायला लावायच्या. विनोद तुम्हा सगळ्यांसमोर केला होता, म्हणून इथे उभी राहून सांगते. फायरप्लेस पहिल्या दिवसापासून उत्तम होती. दगड माझा होता.